रद्द न केलेला मुक्काम

दुपारी फोन आला, तो थोरल्या सुनेने घेतला. वरच्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी बोलत होती. टाळेबंदीत गाडी काढायचा परवाना एकदाचा तिच्या हातात पडला होता आणि उद्या सकाळी ती आईला न्यायला येणार होती. "सामान बांधून ठेव म्हणावं," एवढं बोलून तिने फोन ठेवला. आई कशी आहे, हे तिने विचारलं नाही.

थोरलीने ओटा पुसला. तो आधीच पुसलेला होता. मग ती बाहेरच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "काकू उद्या जातायत."

खोलीत सगळेच होते. जाणार कुठे? थोरल्याचं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान बंद होतं. धाकट्याची ट्रॅव्हल एजन्सी तर कायमचीच बंद झाली, तसा तो भाड्याची जागा सोडून बायकोला घेऊन घरी आला होता आणि बायको दिवसांत होती. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्या खिडकीतून समोरच्या घराच्या भिंतीखेरीज काही दिसत नसे. समुद्र वरच्या मजल्यावरून दिसायचा, आणि वर पाहुणे राहायचे.

"सुटलो बाबा," धाकटा म्हणाला.

मग त्याने पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. सकाळपासून तो खोल्या भाड्याने लावायच्या अ‍ॅपच्या कंपनीशी भांडत होता. भांडत होता म्हणजे निरोप लिहीत होता. पलीकडून यंत्राने लिहिल्यासारखी उत्तरं येत होती.

वरचा मजला म्हणजे या घराचं दुखणं आणि या घराचा आधार. मामंजींनी तो बांधला तो म्हातारपणी दोघांनी समुद्र बघत बसायला, आणि बसायची वेळ आली तेव्हा ते गेले. पुढे धाकट्याच्या डोक्यातून कल्पना निघाली, वरच्या खोल्या अ‍ॅपवर लावू, हल्ली लोकांना लॉजपेक्षा घर आवडतं. सासूबाईंचा पलंग खाली आला. त्या वेळी जे बोलणं व्हायचं ते झालं, त्याची कडू चव अजून कुणाच्या तोंडातून गेली नव्हती. पण खोल्या चालल्या. थोरलीने शिवणकाम सोडलं आणि ती पाहुण्यांचं बघू लागली. चादरी, टॉवेल, किल्ल्या, पाहुण्यांचे निरोप, पाहुण्यांचे स्टार. वर नवं बाथरूम झालं, त्याचं कर्ज झालं. अ‍ॅपवर बुकिंग रद्द करण्याचे नियम सैल, मध्यम आणि कडक असे तीन प्रकारचे होते. धाकट्याने कडक निवडला. "सैल ठेवलं की लोक गंमत म्हणून बुक करतात नि गंमत म्हणून रद्द करतात," तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

साथ अजून बातम्यांतच होती, तेव्हा काकूंचा निरोप आला. तो रविवार होता, धाकटा जोडप्याने जेवायला आला होता. थोरलीने निरोप जेवतानाच वाचून दाखवला. आमच्या ह्यांची छाती नाजूक आहे, बातम्या ऐकून मन धजावत नाही, मुक्काम रद्द केला तर पैसे परत मिळतील का? नाहीतर पुढची तारीख दिलीत तरी चालेल. लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून ठरवलं होतं.

"देऊन टाका परत," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुला यातलं कळत नाही," धाकटा म्हणाला. "एकाला दिले की रांग लागेल. नियम कशासाठी असतो? नुसता दाखवायला?"

थोरल्याने घास संपवला. मग म्हणाला, "हप्ता तोंडावर आलाय. आणि येतीलच की ते. इथे कुठे आहे साथ?"

जावेने फक्त वाढून घेतलं.

जेवण आटोपल्यावर थोरली मोबाइल घेऊन बसली. नियम कितीही कडक असला तरी अ‍ॅपमध्ये एक बटण होतं, 'पाहुण्यांना पूर्ण रक्कम परत करा.' यजमानाच्या मनात आलं तर ते केव्हाही दाबता येत होतं. तिचा अंगठा त्याच्यावर होता. खोटं कशाला, चांगला बराच वेळ होता. मग तिने लिहिलं, 'तुमची अडचण आम्ही समजू शकतो. परंतु नियमानुसार आता रक्कम परत करता येत नाही. घर स्वच्छ आणि सुरक्षित आहे. आपलं मनापासून स्वागत आहे.'

करता येत नाही. 'करणार नाही' असं काही तिने लिहिलं नव्हतं. शब्द कसे बसवायचे ते तिला एव्हाना चांगलं जमत होतं.

ते दोघं आले. काका लिफ्टचे मेकॅनिक होते, निवृत्त. "जन्मभर खाली-वर, खाली-वर केलं," आल्या आल्या त्यांनी थोरलीला सांगितलं, "आता तुमच्याकडे वर बसणार आणि खाली उतरणारच नाही." सगळे हसले. तिसऱ्या दिवशी ते खोकायला लागले. वाटेत बसमध्ये लागलं की कुठे, कुणास ठाऊक. अ‍ॅम्ब्युलन्स थोरल्यानेच बोलावली. काकूंना बरोबर येऊ दिलं नाही. हॉस्पिटलातून पुढे रोज एक फोन यायचा, आणि एके दिवशी आला तो शेवटचा. क्रियाकर्म सगळं तिकडेच, परस्पर झालं. काकूंनाही लागण निघाली, पण साधी. नगरपालिकेची माणसं आली, वरचा मजला बंद करून गेली. काकू बऱ्या झाल्या तोवर रस्ते बंद झाले होते. दोन महिन्यांवर झाले, त्या वरच होत्या.

काका हॉस्पिटलात होते त्याच आठवड्यात कंपनीने जाहीर केलं, की साथीमुळे सगळ्या पाहुण्यांना सगळे पैसे परत. यजमानांना विचारलंसुद्धा नाही. पण हे पैसे फक्त अमुक तारखेनंतर ज्यांचा मुक्काम सुरू होणार होता त्यांनाच. काका-काकू त्या तारखेच्या जरासेच अलीकडे आले होते. उन्हाळ्याची सगळी बुकिंगं एका सकाळीत पुसली गेली आणि यजमानांना एक पत्र आलं. धाकट्याने ते दात-ओठ खात वाचून दाखवलं. "'तुमची अडचण आम्ही समजू शकतो.' समजू शकतो म्हणे! आमच्या ताटातलं उचलून दुसऱ्याला वाढायचं आणि वर समजूत काढायची!"

थोरली तेव्हा उठून आत गेली होती.

आताही धाकटा तेच दळण दळत होता. "यजमानांसाठी मदतनिधी काढलाय म्हणतात. अर्ज केला, तर म्हणतात तुम्ही निकषात बसत नाही. निकष काय, ते सांगत नाहीत." त्याने मोबाइल बाजूला ठेवला. "बरं, ते जाऊ दे. उद्याचं बोलू. मुलगी येणार आहे. ती विचारणार."

"काय विचारणार?" थोरल्याने विचारलं.

"हेच, की आईने पैसे मागितले होते, का दिले नाहीत. आपण सगळ्यांनी एकच सांगायचं. नियम कंपनीचा. आपल्या हातात काही नव्हतं." तो वहिनीकडे वळला. "वहिनी, तुम्ही विशेषतः. तुम्ही फार बोलता काकूंशी. बटणाबद्दल अवाक्षर नको. लिहून तर काही नकोच."

"काकूंनी मला कधी विचारलेलं नाही," थोरली म्हणाली.

"मग झालं तर."

"विचारलं नाही म्हणूनच सांगायला हवं असं वाटतं."

जावेने पाय खाली घेतले. "ताई, असं नका करू," ती म्हणाली. "मी सुरुवातीला त्यांना घालवा म्हणून रडले होते, मान्य आहे. माझ्या पोटात पोर आहे, मी घाबरले होते. आता वरून त्यांचा आवाज येतो तेव्हा मलाही कसंतरी होतं. पण त्या मुलीने उद्या वकील आणला तर? आपल्याजवळ आहे काय? हे घर. मला इथेच बाळंत व्हायचंय."

"अगदी बरोबर," धाकटा म्हणाला. बायकोने बाजू घेतल्यावर त्याला जोर चढला. "आणि आणखी एक. जास्तीच्या मुक्कामाचं काय? दोन महिने खोली अडकली. निदान निम्मं तरी मुलीकडे..."

"त्याचं नाव काढू नकोस," थोरला म्हणाला.

तो आवाज चढवून बोलला नव्हता. तो कधीच आवाज चढवत नसे, म्हणूनच सगळे दचकले. बूट काढून ठेवलेल्या कोपऱ्याकडे बघत तो म्हणाला, "माणूस गेला तिचा आपल्या घरात येऊन. भाडं मागतोस?"

"तू मला शिकवू नकोस, दादा! 'येतीलच की' कोण म्हणालं होतं? मी? हप्ता कुणाचा होता?"

"आपला होता. आपल्या सगळ्यांचा."

"हो ना? मग आता सगळ्यांनी एका तोंडाने बोला."

थोरल्याने मान हलवली. होकार होता की नकार, ते त्याचं त्यालाही माहीत नसावं. मग त्याने बायकोकडे पाहिलं. "धाकटा म्हणतो त्यात तथ्य आहे," तो हळूच म्हणाला. "भाड्याचं सोड. बाकीचं. सांगून काय होणार आहे?"

थोरलीने सासूबाईंकडे पाहिलं. त्या एकट्या त्या दिवशी बरोबर बोलल्या होत्या. आजही त्या आपल्या बाजूला येतील, असं तिने धरूनच ठेवलं होतं.

"माझ्याकडे बघू नकोस, मोठे," सासूबाई खिडकीतून मान न वळवता म्हणाल्या. "बोलायचं तेव्हा मी बोलले. तेव्हा मला कळत नव्हतं. आता माणूस गेल्यावर मला कळायला लागलं होय? तुमचं तुम्ही निस्तरा."

थोरली उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिला वाटलं, आपल्या बाजूला कुणी असायची सवय लागली की माणूस दुबळं होतं. पण तिला एकटीने काही करायची सवय नव्हती, हेही खरंच होतं.

ऊन उतरल्यावर ती चहा घेऊन मागच्या जिन्याकडे गेली. जिना बाहेरच्या अंगाला होता, थेट वर जाणारा. आजाराच्या दिवसांत ती ताट मधल्या पायरीवर ठेवायची, खाली यायची, मग काकू उतरून ते न्यायच्या. पुढे भीती सरली, तरी ती रीत तशीच राहिली. एक जण वरच्या पायरीवर, एक जण खालच्या. मध्ये चहा. या जिन्यावर थोरलीने जेवढं ऐकलं आणि सांगितलं, तेवढं लग्न होऊन आल्यापासून घरात कुणाशी बोलली नव्हती. काका एकदा मंत्र्याला लिफ्टमध्ये अडकवून वर बसून डबा खात होते, ते तिला माहीत होतं. काकूंना काकांचं घोरणं सहन होत नसे आणि आता त्याशिवाय झोप लागत नव्हती, तेही माहीत होतं.

"बांधलंत का सगळं, असं विचारायला आलीस ना?" काकू वरून म्हणाल्या. "बांधलं. काय होतं बांधायला? त्यांचे कपडे माझ्या पिशव्यांत मावले. चादरी काढून घड्या घालून ठेवल्यात, पोरी. तुला परत त्रास नको."

"असू द्या हो काकू. मी केलं असतं."

"दोन महिने केलंस की. पोटच्या पोरीने केलं नसतं." काकूंनी कप दोन्ही हातांत धरला. "ती येतेय, पण मला धास्तीच वाटते. फोनवर बोलत नाही धड. म्हणते, बाबांना तूच नेलंस. आणि खरंच आहे तिचं."

"असं काय बोलता."

"खरं तेच बोलते. हे तयार नव्हते यायला. हे म्हणत होते, घरी बसू, गॅलरीत खुर्च्या टाकू, समजू की समुद्र आहे. मीच हट्ट धरला. तुझा निरोप आला ना, पैसे परत मिळत नाहीत म्हणून, तेव्हा मी म्हटलं, पैसेही घालवायचे आणि घरातही बसायचं? त्यापेक्षा जाऊ. वर्षभर साठवले होते गं. उठा म्हटलं, काही होत नाही." त्या थांबल्या. "तुमचा काय दोष? कंपनीचा नियम, तुमचे हात बांधलेले. मी मात्र माझ्या हाताने त्यांना बसमध्ये बसवलं."

हे काकू आज पहिल्यांदा बोलत नव्हत्या. पूर्वी दोनदा-तीनदा बोलल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी थोरलीने 'असं नका म्हणू' म्हणून विषय बदलला होता. बाजारात काय मिळतंय ते सांगितलं होतं, जावेच्या पायावरची सूज सांगितली होती. आज तिला विषय सापडेना.

"काकू, हात बांधलेले नव्हते," ती म्हणाली.

काकूंना नीट ऐकू गेलं नसावं. "काय?"

"परत करता आले असते. अ‍ॅपमध्ये तशी सोय होती. नियम आम्हीच निवडलेला होता, आणि तो बाजूला ठेवायचा तर एक बटण दाबायचं होतं. घरात बोलणं झालं, नको ठरलं. निरोप मी लिहिला. 'करता येत नाही' असं लिहिलं, ते खरं नव्हतं. आम्ही केलं नाही."

खालून ताटल्यांचा आवाज येत होता. घरात कुणीतरी मांडणी आवरत होतं. काकूंनी कप पायरीवर ठेवला. थोरलीला वाटलं, आता रडतील किंवा ओरडतील. ओरडल्या तर बरं, असंही वाटलं.

"हे तुम्हाला सुरुवातीपासून माहीत होतं," काकू म्हणाल्या.

'तुम्हाला.' दोन महिने त्या तिला पोरी म्हणत होत्या. थोरलीने मान डोलावली.

"पैशाचं मला समजतं," काकू म्हणाल्या. "प्रत्येकाला आपलं घर बघावं लागतं. मीसुद्धा पैशाकडेच बघितलं ना, म्हणून तर आले. पण मी इथे बसून रोज स्वतःला खात होते. तुमच्यासमोर. इथेच, या पायरीवर. आणि तुम्ही ऐकत होतात."

"काकू..."

"चहा आणून देत होतात आणि ऐकत होतात." त्यांचा आवाज अजूनही हळूच होता. "एकदा तरी म्हणायचं होतं, की काकू, एवढं सगळं तुमच्या एकटीवर घेऊ नका, थोडं आमचंही आहे. तेवढ्यावर मी एखादी रात्र झोपले असते."

त्या उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दार आपटलं नाही. थोरली खालच्या पायरीवर उभी राहिली. सांगितल्यावर सुटल्यासारखं वाटतं म्हणतात, तिला तसं वाटलं नाही. तिच्या लक्षात आलं, आपण जो उशीर केला तो बटण दाबण्याचा नाही, बोलण्याचा. बटणाचा उशीर तर काका गेले तेव्हाच संपला होता. हा दुसराच उशीर होता, आणि तो तिने एकटीने केला होता. त्यात दीर नव्हता, नवरा नव्हता, कर्जाचा हप्ताही नव्हता. काकू तुटू नयेत म्हणून आपण गप्प आहोत, असं ती स्वतःला सांगत आली होती. खरं तर तिला तो जिन्यावरचा चहा तुटायला नको होता.

संध्याकाळी वर पाठवलेलं ताट तसंच परत आलं.

सकाळी गाडी आली. मुलगी चाळिशीच्या आतली, तोंडावर मास्क, कपाळाला आठ्या. ती गाडीतून उतरली नाही. काच खाली करून म्हणाली, "आईला मागे बसू दे. पुढे माझं सामान आहे." पुढच्या सीटवर एक पर्स होती आणि पाण्याची बाटली.

थोरल्याने वरून दोन्ही पिशव्या आणल्या. धाकटा दारात उभा होता, पुढे होत नव्हता, मागेही हटत नव्हता. जाऊ त्याच्या मागे. सासूबाई नेहमीच्या जागेवरून उठून ओसरीपर्यंत आल्या होत्या, आणि काकू जिना उतरून आल्या तेव्हा दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे नुसत्या बघत राहिल्या.

"माझी खोली तुम्ही वापरलीत," सासूबाई अचानक म्हणाल्या. "यांनी बांधली होती माझ्यासाठी. समुद्र दिसला का नीट?"

"दिसला," काकू म्हणाल्या. "पहिले दोन दिवस दोघांनी बघितला."

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि त्या आत वळल्या.

काकू थोरलीपाशी आल्या. डोळे सुजलेले होते. थोरलीने काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "काल मला सांगितलंत ते तिला सांगा."

"मुलीला?"

"मी सांगितलं तर तिला वाटेल, स्वतःला सोडवून घेतेय. तुमच्या तोंडून ऐकू दे."

"वहिनी," दारातून धाकटा म्हणाला. आवाजात इशारा होता. "आत या जरा."

थोरलीने वळून पाहिलं नाही. फाटकापासून गाडीपर्यंत जेमतेम अंगणाएवढी वाट होती, ती तिने न थांबता ओलांडली. तिने खिडकीपाशी उभं राहून सांगितलं. काकूंनी पैसे परत मागितले होते, परत करता येत होते, केले नाहीत, आणि करता येत नाहीत असं खोटं लिहिलं. ते लिहिलं नसतं तर तुमच्या आई निघाल्या नसत्या. सांगताना तिने कुठेही 'आम्ही समजू शकतो' म्हटलं नाही.

मागे पावलं वाजली. थोरला पिशव्या घेऊन येऊन उभा राहिला होता. "निरोप हिने लिहिला," तो मुलीला म्हणाला, "पण हप्त्याचं कारण मी काढलं होतं. ही एकटी नव्हती."

थोरलीला त्याच्याकडे बघायचा धीर झाला नाही. काल दुपारी तो हे म्हणाला असता तर, असं मनात आलं. मग वाटलं, आपण तरी कुठे वेळेवर बोललो.

मुलगी समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती. स्टेअरिंगवरचे हात तसेच होते. आता ही काय म्हणेल, वकील म्हणेल, पोलीस म्हणेल, याची सगळं घर वाट बघत होतं.

"आईने मला पण विचारलं होतं," ती म्हणाली. थोरलीशी नाही, कुणाशीच नाही. "फोन केला होता तेव्हा. पैसे बुडतात, काय करू म्हणाली. मी म्हटलं, बुडू देत. रद्द कर." तिने मास्क खाली ओढला, जणू त्यात श्वास कोंडत होता. "मी देते, असं नाही म्हटलं मी. तेवढ्याचीच वाट बघत होती बहुतेक ती. माझ्याकडे होते."

काकू गाडीचं मागचं दार उघडून तशाच उभ्या राहिल्या होत्या.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "मी तुझ्याकडून घेतले नसते."

"मी विचारायला तर हवं होतं."

मुलीने पुढच्या सीटवरची पर्स उचलली, बाटली उचलली आणि दोन्ही मागे टाकल्या. मग वाकून आतून पुढचं दार उघडलं.

"आई, पुढे बस," ती म्हणाली.

काकू वळसा घालून पुढे येऊन बसल्या. पट्टा त्यांना लावता येईना, तो मुलीने लावून दिला आणि हात तिथेच थोडा वेळ राहू दिला. थोरल्याने पिशव्या मागे ठेवल्या. गाडी सुरू झाली. थोरलीला वाटलं होतं, काकू एकदा तरी बघतील. त्यांनी बघितलं नाही. त्या मुलीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि काहीतरी सांगत होत्या.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी थोरली फाटकात उभी होती. धाकटा आला, म्हणाला, "काय म्हणाली? करणार का काही?"

"नाही," थोरली म्हणाली.

"म्हणजे सुटलो ना आपण?"

ती उत्तर द्यायला थांबली नाही. आत जाताना तिला जाऊ दिसली, भिंतीला टेकून, डोळे पुसत, एक हात पोटावर ठेवून. थोरली तिच्याजवळून जाताना क्षणभर थबकली, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि वर गेली. खोलीत चादरींच्या घड्या कडेला कडा जुळवून पलंगावर ठेवल्या होत्या. खिडकी उघडी होती. ती पलंगाच्या कडेला बसली आणि पहिल्यांदाच, कुणाची तरी खोली आवरायला आलेली बाई म्हणून नव्हे, तिथून समुद्र बघत राहिली. खालून नवऱ्याने दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला तिने ओ दिली, पण उठली नाही.